बारावा फर्मा

पुस्तक छापून झालं होतं, शिवायचं तेवढं राहिलं होतं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्याची घडी घालतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. बाइंडरच्या गाळ्यात अशा बारा फर्म्यांच्या बारा थप्प्या ओळीने मांडल्या होत्या. ते एकत्र शिवले की लेखकाचं पाचवं पुस्तक तयार होणार होतं. रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की पाळकसाहेब त्याचं प्रकाशन करणार होते. लेखकाची बायको जाऊन तेव्हा सदतीस दिवस झाले होते.

चर्चच्या मंडळीत सगळे त्याला लेखकच म्हणत. काही जण कौतुकाने, तर काही जण "काय लेखक, आज कुणाचा उद्धार केलात?" अशा सुरात. खरं तर उभा जन्म त्याने छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं आणि पन्नाशी आल्यावर स्वतः चुका करायला बसलो, असं तोच म्हणायचा. पहिली कादंबरी घेऊन तो दोन प्रकाशकांकडे गेला. धार्मिक पुस्तकं काढणाऱ्याने सांगितलं, यात प्रभू फार कमी आहे. दुसऱ्याने सांगितलं, यात प्रभू फार आहे. त्याने घरी येऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून खुर्चीत बसली. म्हणाली, "मग आपणच छापू. आपल्याला बरोबर मापाचा आहे तो."

तेव्हापासून त्याने आपलं आपणच छापलं. लिहायचं त्याने, तपासायचं त्याने, आणि पुस्तकं पिशवीत भरून मंडळ्या-मंडळ्यांतून हिंडायचंही त्यानेच. चर्चच्या दाराशी टेबल मांडून तो उभा राहायचा. लोक हात मिळवायचे, पुस्तक उलटंसुलटं करून बघायचे, "प्रार्थनेत आठवण ठेवू" म्हणायचे आणि चपला घालून निघून जायचे. न खपलेल्या प्रती घरात खाटेखाली होत्या. बायको म्हणायची, "खाट हलत नाही ती तुमच्या साहित्यामुळे." पण तिसऱ्या पुस्तकापासून बायका टेबलाशी थांबायला लागल्या. मग पत्रं यायला लागली. कुणाचा मुलगा गेलेला असायचा, कुणाचा नवरा पीत असायचा. तुमच्या पुस्तकाने धीर आला, असं त्यात असायचं. ती पत्रं बायकोने दोऱ्याने बांधून ठेवली होती.

त्या दोघांची एक रीत होती. त्याचं प्रकरण लिहून झालं की दुपारची भांडी आवरून ती टेबलाशी बसायची आणि त्याला ते मोठ्याने वाचून दाखवायची. हातात पेन्सिल असायची. वाचताना जिथे तिला पटलं नाही, तिथे ती समासात एक टिंब द्यायची आणि पुढे वाचत राहायची. एक शब्द बोलायची नाही. वाचन संपलं की भांडण सुरू व्हायचं.

"इथे का टिंब?"

"एका प्रार्थनेत त्याची दारू सुटली म्हणता. असं नाही हो होत."

"प्रभूला काय अशक्य आहे?"

"प्रभूला नाही. या माणसाला आहे. याला मी गेली पन्नास पानं ओळखते."

तो धुसफुसायचा, चहा प्यायचा नाही, दोन दिवस अबोला धरायचा आणि मग टिंबाची जागा दुरुस्त करायचा. चार पुस्तकांत तिचं एकही टिंब चुकलं नव्हतं. रागात असला की तो तिला टिंबवाली म्हणायचा, आणि रागात नसला तरी. एक नियम मात्र तिने पहिल्या दिवसापासून घालून दिला होता. दिलेलं टिंब खोडायचं नाही. "मन बदललं तर बदललं, पण एकदा अडले होते ते खरंच ना," ती म्हणायची. त्यामुळे घरात पेन्सिली ढीगभर होत्या, पण खोडरबर कधी आलं नाही.

पाचवं पुस्तक अर्ध्यावर असताना तिला आजार निघाला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्याने ऐकलं, पण डोक्यात शिरू दिलं नाही. पुस्तकातली नायिका परिचारिका होती. तिला त्याने तोच आजार दिला, ती काम करायची त्याच दवाखान्यातल्या नवव्या खाटेवर तिला झोपवलं आणि शेवटच्या प्रकरणात बरी केली. हे त्याने नुसतं लिहिलं नाही, देवापुढे मांडलं. मी विश्वासाने लिहितो, तू पुरं कर, असा तो सौदा होता. कुणाला बोलून दाखवला नाही इतकंच.

ते प्रकरण तिने मोठ्याने वाचलं नाही. घसा दुखतो, मी मनातच वाचते म्हणाली. आठ दिवस तिने ते उशीपाशी ठेवलं. नवव्या दिवशी परत दिलं तेव्हा समास कोरे होते. एकसुद्धा टिंब नव्हतं.

"काहीच नाही?" त्याने विचारलं.

"काही नाही. द्या छापायला."

तो स्वयंपाकघरात जाऊन गुडघ्यांवर आला. जी बाई चार पुस्तकांत त्याला सरळ एक पान लिहू देत नव्हती, तिला हे सगळं पटलं होतं. याहून मोठी खूण कोणती हवी? त्या दिवसापासून घरात मरणाचा विषय बंद झाला. तिने कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगायला घेतलं, तर तो म्हणाला, "तूच उघडशील की." तिच्या धाकट्या बहिणीने भेटायला येते म्हणून फोन केला, तर म्हणाला, "आत्ता नको, गर्दीने तिला थकवा येतो. बरी झाली की निवांत या." शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिने त्याची बाही धरली.

"अहो, ऐका ना. मला काहीतरी सांगायचंय."

"बरी झालीस की सांग."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि बाही सोडली. दोन दिवसांनी दुपारी तो औषधाच्या रांगेत उभा असताना ती गेली.

पुस्तक तेव्हा छपाईला गेलेलं होतं. ते थांबवायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. पुढे ध्यानात आलं तेव्हा पाळकसाहेब घरी आलेले होते. ते भले गृहस्थ होते, हळू बोलायचे. म्हणाले, "ते पुस्तक म्हणजे बाईंच्या विश्वासाची साक्ष आहे. इथे नाही, पण प्रभूजवळ त्या बऱ्याच झाल्या ना? मंडळीला त्याची गरज आहे. थांबवू नका." लेखकाने मान डोलावली. तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं असतं तरी त्याने मान डोलावली असती.

गुरुवारी सकाळी शिंपीण आली. कोपऱ्यावर तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. नवरा चार महिने अंथरुणाला खिळलेला, दुकानामागच्या खोलीत पडून असायचा. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"काका, रविवारी फार गर्दी होईल. माझी प्रत आधी बाजूला काढून ठेवाल का?"

"ठेवतो."

"शेवटी ती बरी होते ना? महिला मंडळात सगळ्या म्हणत होत्या."

"होते," तो म्हणाला.

"झालं तर. मी यांना रोज थोडं थोडं वाचून दाखवीन. हे सारखं वेडंवाकडं बोलतात, दुकान कुणाला द्यायचं, मला कुठे पुरायचं. मी बोलूच देत नाही. बायबल उघडते नाहीतर मशीन चालू करते. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही ना." ती थोडं हसली. "तुमचं पुस्तक हाताशी असलं की बरं पडेल."

ती जिना उतरून गेली तरी तो दार धरून उभा होता.

शुक्रवारी मेव्हणी आली. बहिणीचे कपडे आवरायला आली होती. येते म्हणून तिने विचारलं नव्हतं, कळवलं होतं. दुपारपर्यंत तिने खाटेवर कपड्यांचे तीन ढीग केले. तो खुर्चीत बसून होता. ती त्याच्याशी बोलत होती, पण कपड्यांकडे बघून.

"हा स्वेटर मी नेते. तुमची हरकत असली तर आत्ता सांगा, बरी झाली की नको."

त्याने ऐकून घेतलं. घेण्यासारखंच होतं.

"चार तासांचा रस्ता होता, भाऊजी. मी काय वऱ्हाड घेऊन येणार होते? मुकाट्याने पायाशी बसले असते."

"चुकलं माझं."

"चुकलं," ती म्हणाली, आणि तिने औषधांचा पत्र्याचा डबा उघडला. गोळ्यांची रिकामी पाकिटं एकेक करून बाजूला टाकली. तळाशी काहीतरी होतं ते तिने बोटांत धरलं. "हे बघा. झिजवून झिजवून नखाएवढं केलंय हिने."

खोडरबराचा तुकडा होता.

"हे आमच्या घरातलं नाही," लेखक म्हणाला.

"नाहीच. मी पाठवलं होतं. फोन करून मागितलं तिने. मी म्हटलं, अगं, खाली दुकानात मिळेल की. तर म्हणाली, मला जिना उतरवत नाही आणि यांना सांगायचं नाही. मला वाटलं, काहीतरी भरतकामाचा नमुना काढत असेल. लोकरीच्या गुंड्यात घालून पाठवलं."

"कधी?"

"मला काय तारीख आठवतेय? ते शेवटचं प्रकरण तुम्ही तिच्याकडे दिलं होतं ना, तेव्हा. म्हणाली, काम खूप मोठं आहे, पुरणार नाही एक."

तो उठला. छापखान्यातून परत आलेलं हस्तलिखित टेबलाच्या खणात होतं. शेवटच्या प्रकरणाचे कागद त्याने काढले आणि खिडकीशी नेले. छापखान्यात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. पेन्सिल टेकवली की कागदाला बारीक खळी पडते. शिसं पुसलं जातं, खळी पुसली जात नाही. कागद उजेडात तिरपा धरला की दिसते.

त्याने पहिला कागद तिरपा धरला.

समासात वरपासून खालपर्यंत खळ्या होत्या. दुसऱ्या पानावर होत्या, तिसऱ्यावर होत्या. जिथे डॉक्टर अवाक होतात तिथे होती. जिथे नवरा म्हणतो, मला माहीतच होतं, तिथे दोन होत्या, एकीला लागून दुसरी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या लिहिण्यातला स्वल्पविराम त्याच्या नजरेतून सुटला नव्हता, आणि हे कागद त्याने वरवर चाळून छपाईला दिले होते. आठ दिवस ती टिंबं देत होती आणि आठ दिवस ती खोडत होती.

एका जागी टिंब नव्हतं. 'मला आता कशाचीच भीती वाटत नाही,' असं परिचारिका म्हणते, त्या ओळीच्या बाजूला तिने काहीतरी लिहिलं असावं. तीन-चार शब्द असतील. ते तिने इतकं घासून काढलं होतं की तिथे कागद विरला होता. त्याने तिरपा धरला, आडवा धरला, काचेला लावला. पलीकडचा उजेड आला, अक्षर आलं नाही.

"काय आहे?" मेव्हणी जवळ आली.

त्याने कागद तिच्या हातात दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती खाटेवर, कपड्यांच्या ढिगावरच बसली.

"मला वाटलं, तिला पटलं," तो म्हणाला.

"तिला तुमचं मन मोडवलं नाही."

"आयुष्यभर तर मोडत आली."

"तेव्हा तुम्ही धडधाकट होतात," मेव्हणी म्हणाली. ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून बोलली, आणि मग त्याला टोमणा मारला नाही.

शनिवारी सकाळी तो बाइंडरच्या गाळ्यात गेला. बाइंडर त्याचा जुना दोस्त, छापखान्यात बरोबर लागलेले. देवाधर्माच्या वाटेला कधी न गेलेला, पण लेखकाची पाचही पुस्तकं त्यानेच शिवायला घेतलेली. गाळ्यात डिंकाचा वास होता. बाइंडर सुईत दोरा ओवत होता.

"ये लेखका. तुझ्या प्रभूला सांग, माझ्या डोळ्यांचं काहीतरी कर. तीनदा ओवला, तीनदा सटकला."

"बारावा फर्मा शिवू नको."

बाइंडरने चष्म्यावरून बघितलं. "चूक राहिली?"

"हो."

"किती?"

"सगळाच."

बाइंडर उठला. त्याने बाराव्या थप्पीतली एक घडी उचलली, अकराव्यातली एक उचलली आणि दोन्ही शेजारी ठेवली. ओठ हलवत त्याने अकराव्याची शेवटची ओळ वाचली. तिथे नवरा पाणी आणायला वऱ्हांड्यात गेलेला असतो. "'तो पाणी घेऊन परत आला तेव्हा ती'... अरे, वाक्य अर्धंच तुटतंय."

"राहू दे अर्धं."

"लोक म्हणतील, बाइंडर झोपला होता."

"म्हणू दे."

"नवं लिही की मग. सोळा पानं तर आहेत. एका दिवसात छापून घेऊ, मी उद्या पहाटेपासून शिवतो."

"काय लिहू? तिला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक नाही. मी ऐकलंच नाही."

बाइंडरने सुई खाली ठेवली. मग बाराव्या थप्पीभोवती सुतळी गुंडाळली, गाठ मारली आणि ती रद्दीच्या बाजूला सरकवली. तो जन्मभर चेष्टा करत आलेला माणूस, पण त्या वेळी गाठ त्याने हळू मारली.

"मला एक प्रत आत्ता शिवून दे," लेखक म्हणाला. "बाकीच्यांचं नंतर बघू."

पाळकसाहेबांना त्याने तिथूनच फोन केला. उद्या प्रकाशन नको म्हणाला. त्यांनी कारण विचारलं. "शिलाई चुकली," तो म्हणाला. ते खोटं होतं, पण तेवढ्या लांबून खरं सांगायची ताकद त्याच्यात नव्हती. एवढं खरं फक्त एकीलाच सांगणं भाग होतं.

शिंपिणीच्या दुकानात मशीन चालू होतं. मागच्या खोलीला कापडाचा पडदा होता. त्याला बघून तिचा चेहरा उजळला. तिने हात पुसून पुस्तक घेतलं आणि सगळे वाचक करतात तेच केलं. सरळ शेवटचं पान उघडलं.

"काका, इथे तर संपतच नाही."

"पुढचं मी काढलं."

"का? त्यात ती बरी होते ना?"

"मी तसं लिहिलं होतं." तो कापडाच्या ताग्याशेजारच्या स्टुलावर बसला. "माझ्या बायकोला ते पटलं नव्हतं. तिने मला सांगितलं नाही. मी बोलूच देत नव्हतो ना. शेवटी म्हणाली, मला काही सांगायचंय. मी म्हटलं, बरी झालीस की सांग."

शिंपीण पुस्तक हातात धरून उभी होती.

"मग?"

"मग काय. काय सांगायचं होतं ते आता कुणालाच माहीत नाही."

तिचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला. "काका, मी तुमच्याकडे आधार मागितला होता. चार महिने मी कशी उभी आहे ते माझं मला ठाऊक. तुम्ही द्यायला आलात की होता तोही काढून घ्यायला?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. पाच पुस्तकं लिहिलेला माणूस स्टुलावर बसून जमिनीवरच्या चिंध्या बघत राहिला.

"ते बरे होतील," ती म्हणाली.

"होवोत. मीही प्रार्थना करतो. पण तोवर त्यांना बोलू दे, पोरी."

तिने पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. फेकलं नाही, पण ठेवण्यासारखंही ठेवलं नाही. "हे तुमचं तुम्ही न्या." आणि ती मशीनवर जाऊन बसली, पाय पट्टीवर ठेवला.

पडद्यामागून आवाज आला. अगदी बारीक होता. "कोण आलंय गं?"

पाय पट्टीवर होता, पण मशीन सुरू झालं नाही. सुईखाली कुणाची तरी पँट अडकलेली होती. थोडा वेळ ती तशीच बसली, मग तिने पाय काढला, सुई वर केली आणि पडदा सारून आत गेली.

"सकाळी काय म्हणत होतात," तिचा आवाज आला, "दुकानाचं?"

मग पुरुषाचा आवाज सुरू झाला. हळू, अडखळत, मध्ये खोकत. शब्द कळत नव्हते. लेखकाने ते कळावेत म्हणून कान दिला नाही. एकदा तिचा हुंदका आला. आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तो उठून जाणार होता, पण दुकान उघडं होतं आणि गल्ल्याशी कुणी नव्हतं. म्हणून तो बसून राहिला. मांडीवर अकरा फर्म्यांचं पुस्तक होतं. ते त्याने बंद केलं.

एक गिऱ्हाईक आत आलं. पँट घ्यायला आलं होतं, घाईत होतं, मशीनखाली आपली पँट बघून पुढे सरकलं. "बाई कुठे आहेत? दोन टाके राहिलेत नुसते, बोलवा की."

"थांबा जरा," लेखक म्हणाला. "आत बोलणं चाललंय."